भंगाराचा भाव आणि विमानाचे मोल

भंडारा जिल्ह्यात तुमसरजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आंबागडचा किल्ला उभा आहे. देवगडच्या बख्त बुलंद राजाचा अधिकारी राजाखान पठाण याने तो १७०० च्या सुमारास बांधला, असे इतिहास सांगतो. गोंड राजवट गेली, नागपूरकर भोसले आले, त्यांनी गडाचा उपयोग बंदिखान्यासारखा केला, आणि पुढे तो इंग्रजांच्या हाती गेला. इतक्या धन्यांच्या हातून गेलेल्या या गडाची तटबंदी ढासळली, झाडाझुडपांनी बुरूज ग्रासले, पण गड जागच्या जागी राहिला. कोणालाही तो उचलून सातासमुद्रापलीकडे नेता आला नाही, की वितळवून त्याची भांडी करता आली नाहीत. दुर्लक्षाच्या शंभर वर्षांनंतर सुबुद्धी सुचली, तरी डागडुजी करण्यापुरते काही शिल्लक असते, एवढे तरी दगडी वास्तूचे भाग्य असते.

युद्धाची जी साधने हलवता येतात त्यांना हे भाग्य लाभत नाही. आंबागड ज्या जुन्या भंडारा जिल्ह्यात होता, त्याच जिल्ह्यात, म्हणजे १९९९ साली गोंदिया वेगळा निघण्यापूर्वीच्या भंडाऱ्यात, बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी एक धावपट्टी बांधली. ती धावपट्टी आजही आहे, तिच्यावर विमानतळ झाला आहे. महायुद्धाच्या त्या काळातील लष्करी विमाने मात्र आज पाहू म्हटले तर दिल्लीचे संग्रहालय गाठावे लागते, नाही तर इंग्लंड-अमेरिकेचा प्रवास करावा लागतो. भारतीय वायुसेनेच्या हिशेबातून उतरलेली, भारतीय वैमानिकांनी उडवलेली अनेक विमाने आज तिकडे दुरुस्त होऊन उडत आहेत आणि एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे विकली जात आहेत. या व्यवहाराकडे येथे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ते जायला हवे, कारण असाच व्यवहार पुन्हा एकदा दाराशी येऊन ठेपला आहे.

प्रथम हा बाजार काय आहे ते पाहिले पाहिजे. ९ जुलै २०१५ रोजी लंडनमध्ये क्रिस्टीज या प्रसिद्ध लिलावगृहात एक स्पिटफायर विमान विकले गेले. त्याचा क्रमांक पी ९३७४. २४ मे १९४० रोजी, डंकर्कच्या धामधुमीत, हे विमान फ्रान्सच्या किनाऱ्यावर कॅलेनजीक वाळूत उतरवावे लागले. वैमानिक पीटर कॅझनोव्ह जिवंत राहिला आणि जर्मनांचा कैदी झाला. विमान वाळूत रुतले, भरती-ओहोटीने त्याला गिळून टाकले, आणि चाळीस वर्षांनी, १९८० साली, त्याचे अवशेष पुन्हा वर आले. त्या गंजलेल्या, वाकलेल्या सांगाड्यापासून कारागिरांनी विमान पुन्हा उभे केले आणि २०११ साली ते उडाले. लिलावात त्याला ३१ लाख पौंडांच्या घरात किंमत आली. त्या वेळच्या दराने ही रक्कम सुमारे ३० कोटी रुपये होते. आलेला पैसा वायुसैनिकांच्या कल्याणनिधीला आणि वन्यजीवरक्षणाच्या कार्याला देण्यात आला. याच मालकांनी याच प्रकारे दुरुस्त केलेले दुसरे स्पिटफायर डक्सफर्डच्या युद्धसंग्रहालयाला दान म्हणून दिले.

आता या आकड्याशेजारी दुसरा आकडा ठेवावा. या लिलावाच्या आदल्याच वर्षी, २०१४ साली, ‘विक्रांत’ ही भारताची पहिली विमानवाहू नौका मुंबईत भंगारात विकली गेली. तिला सुमारे ६० कोटी रुपये आले. ४ मार्च १९६१ रोजी नौदलात दाखल झालेली, १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात पाकिस्तानच्या पूर्व भागाची नाकेबंदी करणारी, पूर्ण भारासह एकोणीस हजार टनांहून अधिक पाणी कापणारी ही नौका. आणि एका माणसाने बसायचे, एका इंजिनाचे, सव्वादोन-अडीच टनांचे ते विमान. नौकेच्या निम्मी किंमत विमानाला आली. याचा अर्थ विमानात सोने भरले होते असा नाही. नौका वजनावर विकली गेली, विमान कहाणीवर विकले गेले. एका ठिकाणी ग्राहकाने पोलाद मोजले, दुसऱ्या ठिकाणी त्याने नोंदवह्या वाचल्या.

जुन्या लढाऊ विमानाच्या विक्रीतील मर्म यातच आहे. अशा विमानाचा पत्रा बहुतेक वेळा नवा असतो. ऐंशी वर्षांपूर्वीच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूवर आज कोणी शहाणा माणूस आपला जीव सोपवणार नाही. पंखांचे दांडे नवे, रिव्हेट नवे, नळ्या नव्या, तारा नव्या. मग जुने काय राहते? राहते ती ओळख. कारखान्यात ठोकलेली क्रमांकाची पट्टी, काही मूळ भाग, आणि या सर्वांहून मोलाची अशी कागदपत्रांची साखळी. हे विमान कोणत्या दिवशी कारखान्यातून निघाले, कोणत्या तुकडीत गेले, कोणी उडवले, कोठे आदळले, कोणी विकले, कोणी घेतले, हे जोवर अखंड दाखवता येते तोवर ते ‘ते’ विमान असते. साखळी तुटली की ती एक सुंदर प्रतिकृती उरते आणि किंमत कोसळते. घराण्याच्या जुन्या तलवारीचे मूल्य जसे सनदेत असते, तसे विमानाचे मूल्य त्याच्या वहीत असते. इंजिनाचे तास, शेवटची मोठी तपासणी, उड्डाणयोग्यतेचा परवाना, सुट्या भागांचा साठा, हे सारे खरेदीदार पाहतोच. परंतु ते पाहण्याआधी त्याने इतिहास पाहिलेला असतो.

या कसोटीवर भारताने काय केले? स्वातंत्र्याच्या वेळी भारतीय वायुसेनेकडे स्पिटफायर आणि टेंपेस्ट ही दोन प्रमुख लढाऊ विमाने होती. १९४७ च्या ऑक्टोबरअखेर टोळीवाले श्रीनगरच्या वेशीपर्यंत आले, तेव्हा डकोटा विमानांनी पायदळ पोचवले हे सर्वांना ठाऊक आहे. त्या पायदळाच्या डोक्यावर स्पिटफायर आणि टेंपेस्ट होती, आणि ७ नोव्हेंबरच्या शालटेंगच्या लढाईत टोळीवाल्यांची फळी मोडण्यात त्यांचा वाटा होता, हे तितके आठवले जात नाही. काश्मीरच्या त्या हवाई मोहिमांसाठी ज्यांना महावीरचक्र मिळाले त्यांत हृषीकेश मुळगावकर हे मराठी नाव आहे. पुढे १९७६ ते १९७८ या काळात ते वायुसेनेचे प्रमुख होते. त्या युद्धानंतर थोड्याच वर्षांत जेट विमाने आली आणि पंख्याची ही विमाने मागे पडली. काही प्रशिक्षणशाळांत सांगाडे म्हणून ठेवली गेली, काही धावपट्ट्यांच्या कडेला गवतात उभी राहिली.

१९७८ आणि १९७९ या दोन वर्षांत ब्रिटनमधील हौशी संग्राहकांनी या गवतातील सांगाड्यांना गिऱ्हाईक आणले. स्पिटफायरचा एक गट १९७८ साली गेला, टेंपेस्टचा पुढच्या वर्षी. एमव्ही २९३ या क्रमांकाचे स्पिटफायर असेच भारतातून गेले आणि १९९२ साली इंग्लंडमध्ये पुन्हा उडाले. टेंपेस्टची गोष्ट याहून बोलकी आहे. भारतीय वायुसेनेत एचए ५८६ म्हणून वावरलेले, मूळचे एमडब्ल्यू ७६३, हे विमान १९७९ साली येथून गेल्यावर अनेक मालकांच्या हातून फिरले. एकाने सुरुवात केली, दुसऱ्याने ती विकत घेतली, तिसऱ्याने पुरी केली. त्याचे अठरा सिलिंडरांचे सेंटॉरस इंजिन हा तर स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. ते सांभाळणारे हात जगात मोजके उरले आहेत. अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये सायवेलच्या धावपट्टीवरून ते उडाले. टेंपेस्ट जातीचे विमान कित्येक दशकांनी आकाशात दिसले. भारताने मोडीत काढल्यापासून ते उडेपर्यंत चव्वेचाळीस वर्षे लागली. एवढ्या काळात एक पिढी कामावर लागते आणि निवृत्तही होते.

हे वाचून कोणाचा संताप उसळेल, तर त्याला थोडा आवर घालणे योग्य होईल. ‘आमचा वारसा परकीयांनी लुटला’ ही आरोळी देणे सोपे आहे, पण ती येथे लागू पडत नाही. ही विमाने कोणी चोरून नेली नाहीत. सरकारने ती विकली, रीतसर कागद करून विकली. शिवाय ती तशीच पडून राहिली असती तर आज त्यांच्या जागी तांबेरलेले काही तुकडे आणि एखादे वारूळ दिसले असते. विकत घेणाऱ्याने त्यांना मरणाच्या दारातून परत आणले, हे मान्य केले पाहिजे. वस्तू येथे कुजत राहण्यापेक्षा तेथे जगलेली बरी. विक्री हा मुळातच अपराध नाही. व्यवहार डोळे उघडे ठेवून केला तर त्यातून दोघांचेही भले होते, याचे उत्तम उदाहरणही भारतीय वायुसेनेच्याच दप्तरात आहे. १९६८ साली कॅनडाला एक लिबरेटर बाँबफेकी विमान दिले गेले आणि त्याच्या बदल्यात भारताने तेथून एक लायसँडर विमान घेतले. लायसँडर ही ती विमाने होत, ज्यांच्यावर स्वार होऊन भारतीय वायुसेनेच्या पहिल्या तुकडीने १९४२ साली ब्रह्मदेशात जपान्यांवर हल्ले केले. भारताजवळ लिबरेटर अनेक होती, लायसँडर एकही नव्हते. कॅनडाची स्थिती उलट होती. देवघेव झाली, आणि आज पालमच्या वायुसेना संग्रहालयात लायसँडर उभे आहे. ज्या कोणा अधिकाऱ्याला ही अदलाबदल सुचली त्याचे आभार मानायला हवेत.

मग बिघडले कोठे? बिघडले ते किमतीत आणि नोंदीत. विकणाऱ्याला आपण काय विकतो आहोत याची कल्पना नव्हती. त्याच्या लेखी ते ‘अनावश्यक सामान’ होते, ज्या सदरात मोडक्या खुर्च्या आणि फाटके तंबूही पडतात. घेणाऱ्याला मात्र पक्की कल्पना होती. बाजारात जेव्हा एका बाजूला ज्ञान आणि दुसऱ्या बाजूला फक्त वजनकाटा असतो, तेव्हा सौदा कोणाच्या लाभाचा होणार हे सांगायला अर्थशास्त्री नको.

यावर असे म्हटले जाते की, त्या काळी गरीब देशाला हे शौक कसे परवडावेत? जुनी विमाने दुरुस्त करण्याची विद्या तरी येथे कोठे होती? पहिल्या प्रश्नात तथ्य आहे. दुसऱ्यात अज्ञान आहे. ती विद्या येथे होती आणि तिने जगाला थक्क केले होते. महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला अनेक लिबरेटर विमाने मागे टाकली. अमेरिकेशी झालेल्या कराराच्या अटींमुळे ती दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून जाणूनबुजून निकामी केली होती. चार इंजिनांची ती प्रचंड धुडे पाहून कोणाही व्यवहारी माणसाने हात जोडले असते. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने ते केले नाही. कारखान्याच्या लोकांनी कानपूरला जाऊन एकेक विमान कसेबसे उडण्याजोगे केले. जमशेद मुन्शी या चाचणी वैमानिकाने ती विमाने, एकामागून एक, सुमारे दीड हजार किलोमीटर उडवत बंगळूरला नेली. तेथे त्यांचे खरे पुनरुज्जीवन झाले. १९४८ च्या नोव्हेंबरात पहिली सहा वायुसेनेला मिळाली. पुढे ही विमाने पुण्याच्या लोहगाव तळावरूनही उडत असत, आणि शेवटची १९६८ च्या अखेरीस निवृत्त झाली. मूळ मालकाने मोडून टाकलेल्या वस्तूने वीस वर्षे या देशाच्या सागरसीमांवर गस्त घातली.

आणि त्याचेही पुढे काय झाले? निवृत्तीनंतर यांतील काही विमाने परदेशी संग्रहालयांत गेली. एक १९६९ मध्ये अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील टूसॉनच्या संग्रहालयात गेले. एक लंडनच्या वायुसेना संग्रहालयाला मिळाले. एक १९८१ साली ब्रिटिश संग्राहकाने घेतले, १९८४ साली ते अमेरिकेतील एका प्रतिष्ठानाने विकत घेतले, आणि १९८९ पासून ते अमेरिकेच्या गावोगावी उडत फिरले. ज्या अमेरिकेने ही विमाने हजारोंच्या संख्येने बांधली, तिला उडते लिबरेटर दाखवण्यासाठी कानपूर-बंगळूरच्या कारागिरांनी वाचवलेल्या विमानाचा आधार घ्यावा लागला. बंगळूरच्या त्या फिटरांना आणि पत्रेकामगारांना हे कोणी कळवले की नाही कोण जाणे.

तेव्हा विद्या नव्हती असे नाही. विद्येला आपल्या कामाची किंमत माहीत नव्हती. आणि कायद्याला ती आजही माहीत नाही. पुरावशेष व कलाकृतींविषयीचा १९७२ चा केंद्रीय कायदा १९७६ पासून अमलात आहे. त्याखाली पुरावशेष देशाबाहेर नेण्यास खासगी व्यक्तीला मनाई आहे. पण पुरावशेष म्हणजे काय? निदान शंभर वर्षे जुनी वस्तू. हस्तलिखितांपुरती ही मर्यादा पंच्याहत्तर वर्षांची आहे. केंद्र सरकारने स्वतंत्र अधिसूचना काढून एखादी वस्तू पुरावशेष ठरवायची म्हटली तरी शंभर वर्षांची अट सुटत नाही. म्हणजे १९४५ साली बनलेले लढाऊ विमान २०४५ पर्यंत कायद्याच्या दृष्टीने भंगार. शंभर वर्षांहून कमी वयाच्या वस्तूंसाठी कायद्यात जी दुसरी वाट आहे ती कलाकृतींची; चित्रे-शिल्पे तिच्यातून जातात, यंत्रे जात नाहीत. दगडाच्या मूर्तीला शंभर वर्षे म्हणजे काहीच नाही. विमानाचे आयुष्य वेगळे. त्याची सेवा वीस-तीस वर्षांत संपते, आणि संपल्यावर पाच-दहा वर्षांतच त्याचे भवितव्य ठरून जाते. शंभर वर्षे वाट पाहणारा कायदा विमानाच्या बाबतीत अंत्यविधी आटोपल्यावर येणाऱ्या वैद्यासारखा आहे.

मोटारगाड्यांच्या बाबतीत सरकारला हे सुचले होते, हे विशेष. संस्थानिकांच्या जुन्या आलिशान गाड्या परदेशी जाऊ लागल्या तेव्हा १९५० पूर्वीच्या मोटारींच्या निर्यातीवर निर्बंध घालण्यात आले. महाराजांच्या शिकारीच्या गाडीला जे संरक्षण मिळाले, ते काश्मीरच्या आकाशात लढलेल्या विमानाला मिळाले नाही. या तुलनेवर भाष्याची गरज नाही.

विदर्भातील वाचक येथे सहज विचारील की, आंबागडसारख्या किल्ल्याला धड पायवाट आणि फलक मिळवून देताना जेथे दमछाक होते, तेथे विमानांची चैन कोणी करावी? प्रश्न रास्त आहे, आणि तो भावनेच्या भरात उडवून लावता येणार नाही. ‘विक्रांत’च्या वेळी महाराष्ट्र शासनापुढे हाच प्रश्न होता. १९९७ मध्ये निवृत्त झालेली नौका मुंबईत काही काळ संग्रहालय म्हणून ठेवली गेली. २०१२ मध्ये ते बंद झाले. समुद्राच्या पाण्यात उभ्या असलेल्या जुन्या पोलादी नौकेची देखभाल म्हणजे पैशाची अखंड धार, आणि ती धार पुरवणे परवडत नाही असे शासनाने म्हटले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २०१४ च्या नोव्हेंबरात दारूखान्यात तिच्यावर घाव पडू लागले. तिच्या धातूचा काही अंश पुण्याच्या एका मोटारसायकल कारखान्याने घेऊन २०१६ मध्ये गाड्यांत वापरला, आणि तेवढ्यावरच हजारो लोकांनी त्या गाड्या अभिमानाने घेतल्या. यातली विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. नौका जिवंत ठेवायला ग्राहक मिळाला नाही. तिची राख कुंकवासारखी लावायला मात्र मिळाला.

पण नौका आणि विमान यांत फरक आहे, आणि तो फरक धोरणाच्या मुळाशी असायला हवा. वीस हजार टनांची नौका ठेवणे हे राज्याच्या अंदाजपत्रकाचे काम आहे. विमान एका कोरड्या, बंदिस्त छपराखाली मावते. त्याला पाणी लागू न देणे, चाकांवर भार राहू न देणे, पक्ष्यांना घरटी करू न देणे एवढे केले तरी ते पन्नास वर्षे टिकते. ज्याला उडवायचे आहे त्याला कोटी लागतील. ज्याला फक्त जपायचे आहे त्याला पत्र्याची शेड आणि एक जबाबदार माणूस पुरतो. या देशात नेमके उलट होते. निवृत्त विमान शहरातील चौकात किंवा बागेत चौथऱ्यावर चढवले जाते, उद्घाटन होते, आणि मग ऊन, पाऊस आणि पालिकेचा रंगारी असे तिघे मिळून त्याचा निकाल लावतात. चौथऱ्यावरचे विमान हे सन्मानाचे चिन्ह आहे असे समजले जाते. अभियांत्रिकीच्या दृष्टीने तो उघड्यावर घातलेला सावकाश मृत्यू आहे.

हे सर्व आता बोलण्याचे कारण नाशिकजवळच्या ओझरमध्ये आहे. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६४ मध्ये, ओझरला विमानांचा कारखाना उभा राहिला आणि तेथे मिग-२१ जातीची शेकडो विमाने बनली. महाराष्ट्राच्या मातीत तयार झालेले हे पहिले ध्वनिवेगाहून वेगवान लढाऊ विमान होय. १९७१ च्या युद्धात १४ डिसेंबर रोजी ढाक्याच्या राज्यपालभवनावर ज्या विमानांनी अचूक मारा केला आणि ज्यानंतर तेथील सरकारचा धीर सुटला, त्यांत मिग-२१ होती. पुढे अपघातांमुळे हे विमान बदनाम झाले, अनेक तरुण वैमानिक त्यात गेले, आणि त्यांच्या मातापित्यांच्या मनात या विमानाबद्दल अभिमान नसेल तर त्यांना कोणी दोष देऊ नये. तीही इतिहासाचीच बाजू आहे. जपायचे तर दोन्ही बाजूंसकट जपावे लागेल. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला शेवटच्या मिग-२१ विमानांना निरोप देण्यात आला. बासष्ट वर्षांची सेवा संपली.

आता या विमानांचे काय होणार? काही संग्रहालयांत जातील, काही चौथऱ्यांवर चढतील, उरलेली ‘अनावश्यक सामान’ या सदरात पडतील. अमेरिकेत खासगी मालकांकडे मिग-२१ विमाने आहेत, म्हणजे गिऱ्हाईक आहे. १९७९ साली टेंपेस्टला आले तसे गिऱ्हाईक २०३९ सालीही येईल, आणि त्याच्या हातात यादी असेल. प्रश्न एवढाच की विकणाऱ्याच्या हातात ती असेल की नाही.

यासाठी फार मोठी यंत्रणा नको. विमान सेवेतून काढण्यापूर्वी त्याच्या क्रमांकाची चौकशी व्हावी: हे कोणत्या युद्धात होते, कोणी उडवले, कारखान्यातून कितवे निघाले. जे विमान युद्धात लढले ते वजनकाट्यावर चढू नये, हा नियम एका परिपत्रकाने होऊ शकतो. वायुसेनेत प्रत्येक विमानाबरोबर ‘फॉर्म सातशे’ असतो, त्यात कोणत्या दिवशी कोणता मेकॅनिक कोठे हात लावून गेला हे सहीनिशी लिहिलेले असते. मुदत संपली की कागद नष्ट करण्याची शिस्त प्रत्येक कचेरीत असते, आणि एरवी ती चांगलीच असते. पण लढलेल्या विमानाच्या बाबतीत हा कागद विमानाइतकाच, किंबहुना विमानाहून अधिक, जपण्याजोगा आहे. पत्रा नवा घडवता येतो, सही घडवता येत नाही. विमान विकायचेच ठरले तर प्रथम विचारणा देशातील संग्रहालयांना, राज्य शासनांना आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांना व्हावी, आणि त्यांना विचार करायला पंधरा दिवसांऐवजी वर्ष मिळावे. कोणीच घेतले नाही तर परदेशी संग्राहकाला खुशाल विकावे, मात्र त्याच्या बाजारभावाने विकावे, आणि आलेला पैसा सरकारी तिजोरीच्या समुद्रात न बुडवता उरलेल्या विमानांच्या छपरावर खर्च करावा.

खासगी हात मदतीला येत नाहीत असेही नाही. २०११ साली एक डकोटा परदेशात भंगाराच्या वाटेवर असताना त्या वेळचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ते विकत घेतले, इंग्लंडमध्ये दुरुस्त करविले आणि २०१८ मध्ये वायुसेनेला भेट दिले. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला प्रथम उतरलेल्या डकोटाचा व्हीपी ९०५ हा क्रमांक त्याला देण्यात आला. भावना उत्तम आहे. पण लक्षात घ्यावे की क्रमांक परत आणता आला, ते विमान नव्हे.

विदर्भाला या विषयात बोलण्याचा विशेष अधिकार आहे. वायुसेनेचे अनुरक्षण मुख्यालय नागपूरला आहे. विमाने दुरुस्त करणे, सुटे भाग पुरवणे आणि निकाली काढणे यांविषयीचा अनुभव या शहराजवळ आहे. मिहानमध्ये प्रवासी विमानांच्या देखभालीचा कारखाना आहे. आयुष्यभर विमानांवर काम करून निवृत्त झालेले तंत्रज्ञ नागपूरच्या वसाहतींत आणि आसपासच्या जिल्ह्यांत राहतात. एखादे मिग-२१ आणि एखादे जुने पंख्याचे विमान छपराखाली आणून, या निवृत्त माणसांच्या देखरेखीखाली तंत्रनिकेतनाच्या मुलांच्या हाती दिले, तर चौथऱ्याला लागतो त्याहून फार मोठा खर्च येणार नाही. चंडीगडने २०२३ मध्ये वायुसेनेचे वारसा केंद्र उभारले. नागपूरला तसे काही मागायचे असेल तर अर्ज करण्याची वेळ आज आहे, कारण विमानांच्या वाटपाची यादी एकदाच तयार होते, आणि ज्यांचे पत्र उशिरा पोचते त्यांना चाके आणि शेपूट तेवढी मिळतात.